कणभर अंतर

संस्थेत त्याला सगळे 'गणिती' म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. पन्नाशीला टेकलेला, उंच, जरा पोक काढून चालणारा हा माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसून दिवसभर लोखंड जाळायचा. म्हणजे संगणकात.

लोखंड जळतं हे ऐकलं की लोकांना हसू येतं. त्याची आत्याही हसली होती. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता, आणि अजूनही ती त्याला 'छोट्या' म्हणायची.

"अरे छोट्या, लोखंड जळतं तर माझी पातेली अजून शाबूत कशी?"

त्याने समजावलं. पातेलं नाही जळत आत्या. पण त्याच लोखंडाचं पीठ केलं, केसाहून बारीक कण केले आणि ते हवेत उडवून पेटवले, तर बघता बघता पेट घेतात. धुराचं नाव नाही. मागे उरतो तो गंजासारखा भुगा, आणि त्यातून पुन्हा लोखंड काढता येतं. कोळशाच्या जागी असं लोखंड जाळणारी भट्टी बांधायची, हेच आमचं काम.

"गंजातून लोखंड?" आत्या म्हणाली. "तुझ्या आजोबांची सायकल मागच्या दारी सडून गेली, तेव्हा कुठे झोपला होतात तुम्ही लोक?"

घरात ही दोघंच. त्याच्या लग्नाचा विषय पूर्वी दोन-तीनदा निघाला होता, पण दर वेळी त्याने विचार करायला इतका वेळ घेतला की तोवर त्या मुलींची लग्नं होऊन त्या सासरी नांदायलाही लागल्या. पुढे आत्याने तो विषय काढणं सोडलं. त्याला बरंच वाटलं, आणि थोडं वाईटही.

तर त्याचं काम. भट्टीत कोट्यवधी कण उडतात, पण त्याचं सगळं गणित एका कणाचं होतं. एक गोल कण, भोवती हवा. हवेतला ऑक्सिजन कणापर्यंत कसा पोचतो, कण तापतो कसा, वितळतो कधी, उष्णता बाहेर किती सांडते, हे सगळं समीकरणांत बसवून तो वेळाचे अगदी बारीक तुकडे करी आणि एकेक तुकडा पुढे सरके. शेवटी उत्तर एकच हवं असायचं, कण जळायला किती वेळ लागतो. भट्टी किती उंच बांधायची ते त्यावर ठरणार होतं. बुटकी झाली तर कण अर्धे कच्चेच बाहेर पडणार. उगाच उंच झाली तर बांधणारे बोंब मारणार.

तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत हेच कण खरेखुरे जळत. तिथल्या प्रमुख बाईंना सगळे 'ठिणगीबाई' म्हणायचे. हे मात्र पाठीमागे. बाईंना ते ठाऊक होतं, आणि त्यांनी ते नाव मनातल्या मनात मंजूर करून टाकलेलं होतं.

वरचं उत्तर आणि खालचं उत्तर जुळेल तर शपथ. गणितीचे कण घाईचे, झटपट जळून मोकळे होत. बाईंचे कण निवांत. वर्षभर दोघांत लेखी निरोपांची देवाणघेवाण चालली होती. तो लिही, "आपल्या मोजमापात काही त्रुटी राहिली आहे का, कृपया तपासावे." बाईंचं उत्तर येई, "तपासले. राहिलेली नाही. आपल्या गणितात राहिली आहे का, तेही कृपया तपासावे." येताजाता भेट झाली तर दोघं मान हलवत आणि आपापल्या मजल्याला लागत.

मग एकदा बैठकीत संचालकांनी दोघांच्या रेषा एकाच आलेखावर काढून भिंतीवर लावल्या. बाईंची वर, त्याची खाली, मधे चांगली बोटभर जागा.

"यातलं खरं काय मानायचं?" त्यांनी विचारलं. "भट्टीवाले रोज फोन करतात."

गणितीला विनोद करायची सवय नव्हती. त्या दिवशी कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. "बाईंचे कण जरा आळशी दिसतात," तो म्हणाला.

खोलीत हशा पिकला. बाई हसल्या नाहीत, पण चिडल्याही नाहीत. त्यांनी त्याच्याकडे वळून विचारलं, "गणिती, तुम्ही कधी एखादा कण जळताना पाहिलाय?"

"नाही."

"मग या ना खाली. जिना तर आहे."

त्या सहज बोलल्या होत्या. टोमणा असता तर त्याला सोसला असता. तो सहजपणाच लागला. इतकी वर्षं ज्याच्यावर पोट भरलं, ते एकदाही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, आणि पाहावं असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

घरी आल्यावर आत्याने विचारलं, "तोंड का पाडलंय?"

त्याने सांगितलं.

"मग जाणार आहेस का?"

"बघतो."

"बघतो काय बघतो! बोलावलंय तर जा. ते काय गणित आहे, सुटेपर्यंत बसायला?"

दुसऱ्या दिवशी तो खाली गेला. दारातच थबकला. वर त्याच्या खोलीत पेन्सिल पडली तरी आवाज व्हायचा. इथे पंप घरघरत होता, कुठेतरी हवा फुसफुसत होती आणि खिडकीच्या पट्टीवर काळ्या भुकटीचा थर होता. बाई शिडीवर चढून काहीतरी पिळत होत्या. पांढऱ्या होत चाललेल्या केसांवर चष्मा ढकललेला, बोटं कोळशासारखी काळी.

"आलात? तो चष्मा लावा. आणि कशाला हात लावू नका, कपडे काळे होतील." मग त्याच्याकडे नीट बघून म्हणाल्या, "झालेच."

मधोमध माणसाएवढी उंच काचेची नळी उभी होती. वरच्या टोकाला सुईसारखं तोंड. त्यातून एकेक कण सुटायचा, पडता पडता लेसरच्या झोतातून जायचा, पेटायचा, आणि कॅमेरा त्याची फिल्म घ्यायचा. बाईंनी खोलीतले दिवे मालवले. पहिला कण त्याला दिसलाच नाही. दुसराही हुकला. तिसऱ्याला अंधारात एक बारीक सोनेरी रेघ उमटली आणि पुसली गेली.

"हे?" तो म्हणाला.

"हेच. थांबा, आता सावकाश दाखवते."

त्यांनी फिल्म लावली. पडद्यावर एक काळा ठिपका हळूहळू खाली येऊ लागला. कडेला लाली चढली.

"आता गोल होईल," गणिती पुटपुटला. वेडावाकडा ठिपका डळमळला, वितळला आणि गोल झाला.

"आता एकदम चढेल." नारिंगी, मग पिवळा, मग बघवेना इतका पांढरा.

"आता... हे टोक. इथे जळणं संपलं. यापुढे नुसतं निवणं." कण थोडा वेळ तसाच तळपला आणि मग मावळत गेला.

बाई पडद्याकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघत होत्या. पुढे काय होणार ते हा माणूस क्षणभर आधी सांगत होता, आणि ते तसंच होत होतं. "हे सगळं तुम्ही न बघता काढलंत?" त्यांनी विचारलं. आवाजात पहिल्यांदाच कौतुक होतं.

आकड्यांच्या रांगेतलं जे ठिकाण त्याला तोंडपाठ होतं, ते इतकं देखणं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. बाई उठल्या आणि पंपाची आधीच घट्ट असलेली एक चावी आणखी घट्ट करायला निघून गेल्या. चांगला वेळ लावला त्यांनी त्या चावीला.

त्या दिवसापासून वाद संपला, आणि गंमत म्हणजे दोघंही स्वतःचीच चूक शोधायला लागली. निरोप बंद पडले. वर गणिती डोक्याला हात लावून बसू लागला, खाली बाई कणांचं माप ठरवणाऱ्या चाळण्या घेऊन.

गणितीच्या मनात एक गोष्ट राहिली होती. फिल्ममध्ये कण शेवटी शेवटी जरा रेंगाळत होता, जेवणातले शेवटचे घास सावकाश खावेत तसा. त्याच्या गणितात मात्र कणापर्यंत पोचलेला ऑक्सिजन कण लगेच गट्ट करायचा, अगदी शेवटपर्यंत. पोट भरत आलं की कोणीही हळू जेवतं. वितळलेलं लोखंडही तसंच असणार. त्याने ते समीकरणात घातलं. त्याचे कण सावकाश जळू लागले, आणि त्याची रेषा वर सरकून बाईंच्या रेषेवर अलगद जाऊन बसली.

तो आनंदाने खुर्चीतून उठला तो गुडघा टेबलावर आपटला. तसाच लंगडत, कागद हातात घेऊन जिना उतरू लागला. चूक आपली होती हे सांगायला माणूस इतक्या उत्साहाने सहसा जात नाही.

जिन्याच्या मधल्या वळणावर बाई वर येताना भेटल्या. त्यांच्याही हातात कागद. दम लागलेला.

"मी तुमच्याकडेच येत होते. चूक माझी आहे."

"नाही, नाही. माझी आहे."

"ऐका तरी! चाळणी फसवत होती मला. लांबट कण उभे राहून भोकातून निसटतात. मी त्यांना बारीक समजत होते, आणि होते चांगले जाडजूड. मोठा कण जास्त वेळ जळणारच. म्हणून आम्ही प्रत्येक कणाचा फोटो काढून माप घेतलं. आणि बघा, माझी रेषा खाली येऊन तुमच्या रेषेवर बसली!"

"कुठल्या रेषेवर?" गणितीने विचारलं.

"तुमच्या. जुन्या."

त्याने स्वतःचा कागद त्यांच्या हातात दिला. बाईंनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेवर धरले. बाहेरच्या उजेडात दोन्ही रेषा स्वच्छ दिसल्या. त्याची वर गेली होती, त्यांची खाली आली होती. मधे पुन्हा तेवढीच, बोटभर जागा.

"म्हणजे आता..." बाई म्हणाल्या.

"आता माझे आळशी झाले," गणिती म्हणाला.

आधी बाईंचे खांदे गदगदू लागले. मग त्या कठड्याला धरून खालीच बसल्या. गणिती आधी नुसता हसला, मग त्याचंही हसू आवरेना, आणि तोही दुखरा गुडघा चोळत पायरीवर टेकला. वरच्या आणि खालच्या मजल्यांवरची दारं उघडली, माणसं डोकावली. जिन्यात बसलेले दोन वयस्क शास्त्रज्ञ डोळे पुसत होते आणि काय झालंय ते एकालाही सांगता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात आत्या न्हाणीघरात घसरली. मनगट मोडलं. हाताला प्लास्टर, आणि तोंडाला अजिबात नाही. गणिती रजा घेऊन घरी बसला. भाजी चिरताना त्याचं बोट कापलं, ते बघून आत्या म्हणाली, "आता दोघांचा मिळून एक धड माणूस तरी होतो का बघ."

आणि दाराची घंटा वाजली. बाई. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, हातात फळं.

"भट्टीवाले थांबणार नाहीत. म्हटलं काम इकडेच आणावं. चालेल ना?"

तो दार अडवून तसाच उभा राहिला. आतून आत्याने हाक दिली, "छोट्या, कोण आहे?"

छोट्या! त्याचे कान लाल झाले. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले, पण डोळ्यांतलं हसू काही मिटेना.

आत्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तूच का गं ती ठिणगी?"

"आत्या!"

"हो, मीच," बाई म्हणाल्या आणि तिच्या शेजारीच बसल्या. "हात फार दुखतो का?"

"हात दुखत नाही, याचा स्वयंपाक दुखतो. ते जाऊ दे. तू काय जाळतेस ते दाखव मला. हा नुसते आकडे दाखवतो."

बाईंनी फिल्म लावली. आत्या पुढे झुकून बघत राहिली. अशी गप्प ती एरवी झोपेतच असायची.

"एवढासा जीव तो," शेवटी ती म्हणाली, "आणि केवढं तेज. पुन्हा लाव बघू."

मग आत्या खुर्चीतच पेंगली आणि हे दोघं जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले. दोन्ही दुरुस्त्या खऱ्या होत्या, कुठलीच मागे घेता येत नव्हती. म्हणजे तिसरं काहीतरी होतं. कणाला आणखी जलद ऑक्सिजन मिळत होता. कुठून? बाईंनी तीच फिल्म पुन्हा पुन्हा लावली. गणितीने चहा केला. तो पाणचट झाला. बाईंनी तो शेवटपर्यंत प्यायला.

अचानक त्या थांबल्या. "मला सांगा, कोळसा जळला की धूर, वायू, काहीतरी बाहेर पडतं. हा कण नुसता आत घेतो. ऑक्सिजन कणात शिरला, नाहीसा झाला, बाहेर काही आलं नाही. मग तिथली जागा रिकामी पडत असेल. ती भरायला आजूबाजूची हवा धावत येणार, आणि येताना आणखी ऑक्सिजन घेऊन येणार! अरे, हे घेतलंयस का तू गणितात?"

'अरे'. 'घेतलंयस'. 'तू'. बोलणारीच्या लक्षातही आलं नव्हतं. गणितीला मात्र ते तीन शब्द ऑक्सिजनच्या आधी ऐकू आले. कसाबसा तो म्हणाला, "घेतलंय की. पहिल्यापासून. हे तर कुठल्याही पुस्तकात असतं."

"दाखव."

त्याने प्रोग्राम उघडला. ओळी खाली सरकवत गेला. थांबला. ती ओळ होती, नीट लिहिलेली, बरोबर. फक्त ती बंद करून ठेवलेली होती. मागे कधीतरी गणित भडकून आकडे वाटेल तिकडे पळायला लागले होते, तेव्हा दोष कुठे आहे ते तपासायला त्यानेच ती ओळ बंद केली होती. दोष दुसरीकडेच सापडला. ही ओळ पुन्हा उघडायची राहून गेली ती गेलीच.

ठिणगीने वाकून ती ओळ वाचली. मग तिच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, आत्या जागी होऊ नये म्हणून.

आत्या जागी झालीच. "काय झालं? कोण रडतंय?"

"कोणी नाही, आत्या," ती म्हणाली. "वर्षभर नळ बंद होता आणि आम्ही पाणी का येत नाही म्हणून भांडत होतो."

"बंद कोणी केला होता?"

गणितीने हात वर केला.

ओळ उघडली. गणित पुन्हा चालवलं. त्याची रेषा खाली आली, तिच्या रेषेजवळ, अगदी जवळ. चिकटली नाही. कणभर अंतर राहिलंच. ते कशाचं, हे दोघांनाही कळलं नाही, आणि अहवालात त्यांनी तसं प्रामाणिकपणे लिहून टाकलं. भट्टी बांधायला तेवढं पुरेसं होतं.

त्यानंतर गणितीची मोठी पंचाईत झाली. ती त्याला बिनदिक्कत 'अरे-तुरे' करू लागली होती. त्याला मात्र 'तुम्ही' म्हणवेना आणि 'तू' तोंडातून निघेना. मग तो बिनकर्त्याची वाक्यं करू लागला. "चहा होणार का?" "अहवाल वाचून झाला का?" "उद्या येणं आहे का?" ती मुद्दाम विचारायची, "कोणाचं येणं?" आणि तो खिडकीबाहेर बघायचा.

अहवाल गेला. आता खाली जायला काही निमित्त उरलं नाही. तो वरच्या खोलीत बसून राहिला. दोन कणांचं गणित मांडायला घेतलं, शेजारी शेजारी जळणाऱ्या. मन लागेना.

"हल्ली ठिणगी येत नाही," आत्या म्हणाली.

"काम संपलं."

"बरं झालं," आत्या म्हणाली, आणि रेडिओ मोठा केला. ती असं शहाण्यासारखं थोडक्यात बोलली की समजावं, फार रागावली आहे.

दुसऱ्या दिवशी तो खाली गेला. ती चाळण्या धूत होती. "काही काम होतं?"

"नाही."

तिने पायाने एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं. तो बसला. पाण्याचा आवाज येत राहिला.

"मला इथे यायला आवडतं," तो म्हणाला. "तू असतेस म्हणून."

तिने नळ बंद केला. हात पुसायला तिला फडकं सापडेना, ते तिच्या खांद्यावरच होतं. मग ती त्याच्यासमोर बसली आणि सरळ बोलली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आजारपण लांबलं होतं. तो गेल्यावर सासूबाईंना ती म्हणाली, तुम्ही कुठे जाऊ नका; आणि सासूबाई तिला म्हणाल्या, तूही जाऊ नकोस. तेव्हापासून त्या दोघीच.

"त्यांना बाजूला ठेवून मी काही ठरवणार नाही. घरी येशील एकदा?"

"कधी?" त्याने लगेच विचारलं. आपण विचार करायला वेळच घेतला नाही, हे त्याला घरी गेल्यावर सुचलं.

तिचं घर चौथ्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. शिवणाचं यंत्र खिडकीपाशी. सासूबाई उभा जन्म लोकांचे कपडे शिवत आल्या होत्या आणि अजूनही शेजाऱ्यांच्या बाह्या आखूड करून देत. लहानखुऱ्या, ताठ पाठीच्या. कपाटावर मुलाचा फोटो होता, कशाला तरी खळखळून हसताना काढलेला. गणिती त्याच्यासमोर उभा राहिला. काय करावं ते न सुचून त्याने फोटोलाही मान हलवली, बैठकीत कोणी ओळख करून द्यावी तशी.

सासूबाईंनी ते पाहिलं. "बसा," त्या म्हणाल्या. सुनेला म्हणाल्या, "तू चहाचं बघ." ती आत गेली. दार उघडंच होतं, पण भांड्यांचा आवाज जरा जास्तच येऊ लागला.

"जिन्यात हसवलंत म्हणे हिला."

"मी नाही... म्हणजे, दोघंही चुकलो होतो."

"माझा मुलगा गेल्यापासून ही घरी येऊन कामावरची गंमत सांगत नव्हती. विचारलं की, ठीक चाललंय. त्या दिवशी मात्र चपला काढायच्या आधीच सांगायला लागली. मला त्यातलं काही कळलं नाही. पण मी पुन्हा पुन्हा सांगायला लावलं." त्या यंत्रावरचं कापड सारखं करत राहिल्या. मग हात थांबला. "मी आडवी येणार नाही. पण खरं सांगू? मला एकटीला राहायची भीती वाटते. म्हातारं माणूस आहे. रात्री कडी लावली की नाही, एवढ्यावरून तीनदा उठते."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"तुम्ही एकट्या का राहाल?" गणितीने विचारलं. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. "आमच्याकडे एक खोली नुसती पुस्तकांनी अडलीय. आणि आत्या आहे. दिवसभर रेडिओशी भांडत असते. तिला माणूस हवंच आहे."

"मी भांडत नाही कोणाशी."

"ती शिकवेल."

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तोंडाला पदराचं टोक लावलं, ते हसू लपवायला की दुसरं काही, ते त्याला कळेना. आत ती चहा ओतायचं विसरून ओट्याला टेकून उभी होती. चहा आटून काळाकुट्ट झाला. तो तसाच सगळ्यांनी प्यायला.

आत्याचं प्लास्टर निघालं त्या रविवारी दोघी त्याच्या घरी आल्या. पहिली पाच मिनिटं दोघी म्हाताऱ्या एकमेकींना 'अहो' म्हणत अवघडून बसल्या. मग आत्याने खिडकी उघडली, सासूबाईंनी वारा लागतो म्हणून लोटली, आत्याने कोंदट होतं म्हणून पुन्हा उघडली, आणि जरा मोकळं वाटायला लागलं.

"तुमचा मुलगा कसा होता हो दिसायला?" आत्याने एकदम विचारलं.

गणितीने चमकून आत्याकडे पाहिलं. ठिणगीनेही मान वर केली. सासूबाईंनी मांडीवरची पिशवी उघडली. रुमालात गुंडाळलेला तो फोटो त्यांनी बरोबर आणला होता. का आणला, ते त्यांनी सुनेलाही सांगितलं नव्हतं. आत्याने तो बऱ्या हाताने घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला.

"एवढा कशाला हसतोय हा?"

"फोटो काढणाऱ्याची टोपी उडाली होती."

"हं." आत्या फोटोतल्या हसण्याकडे बघून स्वतःच हसली. मग तिने खोलीभर नजर फिरवली. "हा आता पिशवीत घालू नका. छोट्या, त्या मधल्या फळीवरची पुस्तकं काढ. तिथे उजेड चांगला येतो."

गणिती उठला. पुस्तकं जाडजूड होती, धूळ खाल्लेली. ठिणगी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तो एकेक पुस्तक काढून देत गेला आणि ती छातीशी धरून घेत गेली. हातांत मावेनात तेव्हा तिने ती तिथेच जमिनीवर रचली आणि रिकाम्या फळीवरून ओढणीचं टोक दोनदा फिरवलं.

"थोडा डावीकडे," मागून सासूबाई म्हणाल्या. "हां. तिथे."